कवच आणि कात : प्रस्तावना

अस्थी आत आणि मांस बाहेर ही जी देहव्यवस्था आपण स्वतःच्या शरीरावरून स्वाभाविक मानून बसलेलो असतो, ती प्राणिसृष्टीच्या फार मोठ्या भागाने कधी स्वीकारलेलीच नाही. खेकडा, कोळंबी, शेवंड, करंदी, जवळा या सर्व कवचधारी प्राण्यांचा सांगाडा देहाच्या बाहेर असतो. स्नायू त्याला आतून चिकटलेले असतात, आणि देहाचा आकार, आधार, संरक्षण, चलनवलन, इतकेच काय पण जठरात अन्न दळणारे दातसुद्धा, त्या एकाच सांगाड्याच्या हवाली केलेले असतात. हे कवच त्वचेने स्रवलेले असते. त्वचेच्या पेशी त्याच्या खाली जिवंत असतात, परंतु ते स्वतः पेशींचे बनलेले नसते, आणि म्हणून एकदा घट्ट झाल्यावर हाडासारखे वाढणे त्याच्या स्वभावात नाही. वाढत्या देहाला अशा वेळी एकच मार्ग मोकळा राहतो : जुने कवच टाकून द्यावयाचे आणि नवे घडवावयाचे.

प्रस्तुत पुस्तकाचे सारे प्रतिपाद्य या एका गोष्टीतून निघालेले आहे. कवचाच्या रचनेचे वर्णन करणारे ग्रंथ सामान्यतः थरांपासून प्रारंभ करतात, त्यांचे रासायनिक घटक सांगतात, त्यांची जाडी आणि काठिण्य मोजतात, आणि कात टाकण्याचा विधी प्राण्याच्या जीवनक्रमातील एक प्रसंग म्हणून शेवटच्या प्रकरणाकडे सोपवितात. मला हा क्रम उलटा वाटतो. जे कवच नियमाने टाकावयाचेच आहे, ज्यातला मौल्यवान अंश टाकण्यापूर्वी परत काढून घ्यावयाचा आहे, आणि ज्याच्या जागी येणारे कवच जुने अंगावर असतानाच त्याच्या खाली तयार करून ठेवावयाचे आहे, त्या कवचाचा प्रत्येक थर या तीन गरजांच्या धाकात घडलेला असणार. आणि तसा तो घडलेला आहे, हे पुढील पृष्ठांतून दाखविण्याचा माझा प्रयत्न आहे.

समुद्रापासून इतक्या दूर, छत्तीसगडच्या मैदानात, भिलाईच्या अंगाला असलेल्या कुरुदमध्ये बसून कोणी खेकड्याच्या कवचावर पुस्तक लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. (धमतरीकडील तालुक्याचे कुरुद निराळे, हे भिलाईचे.) परंतु या विषयाचा अभ्यास करणाऱ्याला याहून अनुरूप जागा सहसा मिळणार नाही असे मी पूर्ण विचारांती म्हणतो. येथील भूमीच चुन्याची आहे. सोव्हिएत सहकार्याने भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. त्या भट्टीला लोहखनिज दल्ली-राजहऱ्याहून आले, तर खनिजातील वाळूचा अंश मळीच्या रूपाने वेगळा काढण्यासाठी लागणारा चुनखडक जवळच्या नंदिनीच्या खाणींतून आला. जामुलचा सिमेंट कारखानाही याच खडकावर चालतो. कारखान्याच्या नोकरीनिमित्त नागपूर, अमरावती, पुण्याकडून आलेली आणि मग येथेच रुजलेली मराठी कुटुंबे या खडकाचे पाणी पितात; पाणी उकळल्यावर पातेल्याच्या बुडाशी जो पांढरा थर साचतो, आणि जो खरवडताना घरोघरी वैताग येतो, तो कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. शेताच्या बांधातील बिळात राहणारा खेकडा, ज्याला इकडे केकरा म्हणतात आणि कोकणात ज्याच्या भावंडांना मुठे म्हणतात, तो आपल्या पाठीवर हेच द्रव्य वागवीत असतो.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे मला शक्य नाही. चुनखडक म्हटला की तो शंखशिंपल्यांचा आणि कवचांचा चुरा साचून झाला, असे आपण शाळेत शिकलेलो असतो, आणि जगातील पुष्कळ चुनखडकांच्या बाबतीत ते खरेही आहे. छत्तीसगडच्या या खोऱ्यातील चुनखडकाच्या बाबतीत मात्र ते खरे नाही. हा खडक सुमारे शंभर कोटी वर्षांच्या मागचा आहे. पृथ्वीवर कवच धारण करणारा पहिला प्राणी अवतरण्यास त्या वेळी अजून जवळजवळ पन्नास कोटी वर्षांचा अवधी होता. उथळ समुद्राच्या तळावर सूक्ष्मजीवांच्या थरांनी अडवलेल्या आणि पाण्यातून निवळलेल्या चुन्याचे थरावर थर चढत गेले, आणि त्यांच्या घुमटाकार रेघा, ज्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात, या खडकात आजही डोळ्यांनी पाहता येतात. म्हणजे नंदिनीच्या खाणीतील चुना कोणत्याही कवचातून आलेला नाही. उलट या खडकातून झिरपलेला चुना भातशेतीतील खेकड्याच्या अंगावर आज प्रथमच कवच होऊन बसत असेल. चुना हे द्रव्य कवचाच्या आधीपासून होतेच. प्राण्यांनी नवीन काय केले असेल तर ते द्रव्य कोठे, केव्हा आणि किती मुदतीसाठी घट्ट होऊ द्यावयाचे याचा अधिकार आपल्याकडे घेतला.

आता कवच कशाचे बनते ते पाहू. कोळंबीची सुकवलेली साले घेतली तर त्यांत स्थूलमानाने वीस ते चाळीस टक्के प्रथिने, वीस ते पन्नास टक्के कॅल्शियम कार्बोनेट आणि पंधरा ते चाळीस टक्के कायटिन आढळते. शिवाय थोडे मॅग्नेशियम, थोडे फॉस्फेट, स्निग्ध द्रव्ये आणि रंगद्रव्ये. प्रमाणाच्या या मर्यादा इतक्या सैल का, असा प्रश्न वाचकाला पडेल. त्याचे कारण असे की प्राण्याची जात, त्याचे वय, कवचाचा अवयव आणि मुख्यतः मागची कात टाकून किती दिवस लोटले, यांप्रमाणे हे प्रमाण बदलत जाते. तेव्हा एखाद्या कवचाचे पृथक्करण सांगताना ते कात-चक्राच्या कोणत्या अवस्थेतील आहे हे न सांगणे म्हणजे तारखेवाचून दस्तऐवज दाखल करणे होय.

या घटकांची एकमेकांशी काय वाटणी आहे, हे स्वयंपाकघरातही तपासता येते, आणि वाचकांनी ते तपासावे असा माझा आग्रह आहे. खेकडा शिजवून झाल्यावर त्याची पाठीची ढाल स्वच्छ धुऊन एका काचेच्या भांड्यात साध्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावी. काही क्षणांतच तिच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुडे धरू लागतात आणि एकामागून एक सुटून वर येतात. हा कार्बन डायऑक्साइड, आणि तो निघतो आहे याचा अर्थ चुना विरघळतो आहे. एखाद-दुसऱ्या दिवसाने, मध्ये एकदा व्हिनेगर बदलून, ढाल बाहेर काढली तर तिचा आकार अबाधित असतो, काठावरचे दाते, पाठीवरचे उंचसखल भाग जसेच्या तसे असतात, परंतु ताठपणा गेलेला असतो. ती बोटांत दुमडता येते आणि सोडली की पुन्हा उलगडते. याच्या उलट दुसऱ्या ढालीचा तुकडा निखाऱ्यावर धरला तर प्रथम केस जळल्यासारखा वास सुटतो, आणि सेंद्रिय अंश जळून गेल्यावर जो पांढुरका तुकडा उरतो त्याला बोट लावताच त्याचे पीठ होते. एकीकडे आकार आहे पण ताठपणा नाही, दुसरीकडे चुना आहे पण धरून ठेवणारे काही नाही. (दाहक सोड्यात उकळून प्रथिने काढण्याचा तिसरा प्रयोग प्रयोगशाळेतच करावा, तो घरचा नव्हे.)

व्हिनेगरमधून निघालेल्या त्या लवचीक ढालीचा कणा म्हणजे कायटिन. त्याचा शोध खेकड्यात लागला नाही. फ्रान्समधील आंरी ब्राकोनो यांनी १८११ साली ते अळंब्यांतून वेगळे केले. पुढे १८२३ साली ओदिए यांना कीटकांच्या कठीण पंखांत तेच द्रव्य सापडले आणि आज रूढ असलेले नाव त्यांनीच दिले. रसायनदृष्ट्या ते शर्करेचेच अपत्य आहे : ग्लुकोजच्या घटकाला नायट्रोजनयुक्त अॅसिटिल गटाची जोड दिलेले कण एकापुढे एक जोडून त्याची लांबच लांब साखळी होते. झाडाच्या खोडातील सेल्युलोज आणि खेकड्याच्या पाठीवरील कायटिन यांच्या साखळ्यांत साम्य इतके निकट आहे की वनस्पतींनी आणि संधिपाद प्राण्यांनी उभे राहण्याचा प्रश्न जवळजवळ एकाच युक्तीने सोडविला असे म्हणावे लागते.

पण साखळी म्हणजे कवच नव्हे, आणि या विषयाची खरी श्रीमंती येथून पुढे आहे. अशा सुमारे अठरा ते पंचवीस साखळ्या आळीपाळीने उलटसुलट दिशांनी एकत्र येऊन एक सूक्ष्मतंतू होतो. त्याची जाडी दोन ते पाच नॅनोमीटर आणि लांबी तीनशे नॅनोमीटरच्या आसपास, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. प्रत्येक सूक्ष्मतंतूभोवती प्रथिनांचे वेष्टन असते. असे पुष्कळ तंतू मिळून जाड तंतू होतो, जाड तंतू एका पातळीत शेजारी शेजारी पसरून एक पापुद्रा होतो, आणि पापुद्र्यावर पापुद्रा चढतो. एका पापुद्र्यातील सर्व तंतू एकाच दिशेने असतात. त्याच्यावरच्या पापुद्र्यातील तंतू त्या दिशेपासून किंचित वळलेले, त्याच्या वरचे आणखी किंचित, आणि असे वळत वळत अर्धे वर्तुळ पुरे झाले की मूळची दिशा परत येते. हे एक आवर्तन. कवचाच्या जाडीत अशी कितीतरी आवर्तने एकावर एक रचलेली असतात.

ही वळणदार रचना उलगडण्याचा इतिहास या पुस्तकातील माझ्या विशेष आवडीचा भाग आहे. कवचाचा तिरपा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्यात कमानींच्या ओळी दिसतात, एकीखाली एक, अत्यंत नियमित. आणि पाहणाऱ्यांना दीर्घकाळ असे वाटे की कवचातील तंतूच कमानीसारखे वाकलेले आहेत. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ ईव्ह बूलिगां यांनी १९६५ साली, आणि पुढे १९७२ च्या विस्तृत लेखात, दाखविले की तेथे कमान मुळीच नाही. तंतू सरळच आहेत; प्रत्येक पातळीत त्यांची दिशा थोडी थोडी बदलते, आणि अशी रचना तिरपी कापली असता निरनिराळ्या पातळ्यांतील तंतूंचे तुकडे डोळ्याला कमानीच्या रूपाने एकत्र दिसतात. छेद सरळ घ्या, कमानी नाहीशा होतात. तिरकेपणा वाढवा, कमानींची रुंदी बदलते. ज्यांनी पूर्वी कमानी पाहिल्या त्यांची दृष्टी अधू नव्हती. त्यांनी जे पाहिले ते खरेच छेदात होते. बूलिगांनी केले ते एवढेच की दिसणाऱ्या आकृतीपासून तिला जन्म देणाऱ्या रचनेपर्यंतचा भूमितीचा मार्ग शोधून काढला, आणि आज त्या रचनेला त्यांचेच नाव लावतात.

या रचनेचा उपयोग काय? कवचावर आघात होऊन एखादी भेग पडली तर ती तंतूंच्या मधून, सोप्या वाटेने, सरळ आत जाऊ पाहते. पण पुढच्या पापुद्र्यात सोपी वाट किंचित वळलेली असते, त्याच्या पुढच्यात आणखी वळलेली. भेगेला वळत वळतच आत उतरावे लागते, आणि वळणात तिची शक्ती खर्ची पडते. शिवाय जोर कोणत्याही दिशेने आला तरी काही पापुद्र्यांतील तंतू त्या दिशेने ताणलेले असतातच.

कवचाच्या जाडीतील थर आता वाचकाला सहज समजतील. सर्वांत बाहेर, अत्यंत पातळ, मेणचट द्रव्याचा आणि प्रथिनांचा अधिकवच हा थर असतो. त्यात कायटिन नसते, आणि पाण्याची ये-जा अडविणे हे त्याचे मुख्य काम. त्याच्या खाली बाह्यकवच आणि त्याच्या खाली, सर्वांत जाड, अंतःकवच. वर सांगितलेली वळणदार रचना या दोघांत असते आणि चुनाही बहुतांशी येथेच असतो. बाह्यकवचातील पापुद्रे दाट, अंतःकवचातील विरळ, म्हणून बाहेरचा भाग अधिक ताठ आणि आतला अधिक सोशीक. सर्वांत आत चुनारहित पातळ पटल, आणि त्याला लागून जिवंत त्वचा. त्वचेपासून निघालेल्या असंख्य सूक्ष्म नलिका हे सगळे थर उभे भेदून वर जातात. एरवी जी भिंत निर्जीव दिसते तिच्यातून त्वचेचा हात असा शेवटपर्यंत पोहोचलेला असतो.

भिलाईत राहणाऱ्याला हे सर्व ऐकताना स्लॅबमधली लोखंडी सळई आठवावी हे साहजिक आहे. सळई ताण सोसते, सिमेंट दाब सोसते. कायटिन ताण सोसते, चुना दाब सोसतो. ही उपमा मी व्याख्यानांतून पुष्कळदा ऐकली आहे आणि ती चुकीची आहे असे मी म्हणणार नाही, परंतु ती जेथे सुटते तेथेच कवच सुरू होते. स्लॅबमधील सळई आणि सिमेंट यांच्यामधील सीमा बोट ठेवून दाखविता येते. कवचात चुन्याचे कण प्रत्यक्ष तंतूंच्या आणि त्यांच्या प्रथिनांच्या सान्निध्यात घडतात, आणि कोणत्या ठिकाणी चुना बसावा हे ती प्रथिनेच ठरवितात. दुसरे असे की स्लॅब परत सिमेंट आणि सळई होत नाही. येथे एका योगायोगाची नोंद करावीशी वाटते. अमेरिकी शेवंडाच्या कवचातील ही सारी श्रेणीबद्ध रचना या शतकाच्या प्रारंभी ज्या संस्थेत अत्यंत बारकाईने मोजली गेली ती प्राणिशास्त्राची संस्था नव्हती. ती होती जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथील माक्स प्लांक लोह-संशोधन संस्था. पोलादाच्या स्फटिकांची दिशा मोजणाऱ्या डिर्क राबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच नजर शेवंडाकडे वळविली, आणि बाह्यकवच हे अंतःकवचाच्या मानाने जवळजवळ दुप्पट ताठ असल्याचे दाखविले.

त्याच शेवंडाच्या कवचात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आढळली : स्फटिकरूप चुना, म्हणजे कॅल्साइट, हा मुख्यतः बाहेरच्या एका पातळ पट्टीपुरता मर्यादित असतो, आणि उरलेल्या जाडीतील चुना पुष्कळसा अस्फटिक असतो. अस्फटिक चुना रसायनशास्त्रज्ञाला अस्थिर म्हणून माहीत आहे. मोकळा सोडला तर तो लवकरच स्फटिक होतो. प्राणी मॅग्नेशियम, फॉस्फेट आणि सेंद्रिय रेणूंच्या साहाय्याने त्याला तसे होऊ देत नाही. इतकी खटपट कशासाठी? अस्फटिक चुना स्फटिकापेक्षा सहज विरघळतो म्हणून. जे उद्या परत काढून घ्यावयाचे आहे ते आज फार घट्ट बसवून चालणार नाही.

येथे आपण कात टाकण्यापाशी येऊन पोहोचलो. मुदत जवळ आली की त्वचा जुन्या कवचापासून सुटी होते आणि मधल्या जागेत एक द्रव सोडते. त्यात कायटिन आणि प्रथिने तोडणारी विकरे असतात. या द्रवाने जुन्या कवचाचे आतले पटल आणि अंतःकवचाचा काही भाग विरघळतो, आणि सुटलेले द्रव्य देहात परत घेतले जाते. त्याच वेळी त्वचा नवीन कवच घडवू लागते, आणि त्यातील पहिला थर असतो अधिकवच. कारण तो नसता तर जुन्याला खाणारी विकरे नव्यालाही खाऊन गेली असती. थरांचा जो क्रम आपण केवळ शरीररचना म्हणून वर पाहिला, तो वस्तुतः बंदोबस्ताचा क्रम आहे. नंतर नवे बाह्यकवच तयार होते, मऊ, सुरकुतलेले, चुन्यावाचून. अंतःकवच अजून नाहीच. ते कात टाकल्यानंतर बनावयाचे आहे. या अवस्थांची जी वर्गवारी आजही वापरली जाते ती फ्रेंच अभ्यासक पिएर द्राक यांनी १९३९ साली घालून दिली.

मग खेकडा पाणी पिऊन फुगतो, पाठीची ढाल मागच्या काठाशी उचकटते, आणि त्या फटीतून तो मागल्या मागे बाहेर पडतो. नांगीसारखा जाड अवयव सांध्याच्या अरुंद वाटेने ओढून काढावयाचा म्हणून तिच्यातील स्नायू आधीच बराच झिजवून ठेवलेला असतो. एवढी पूर्वतयारी त्या प्रसंगासाठी असते. भातखाचराच्या बांधाशी पडलेली एखादी पूर्ण कात मिळाली तर ती तळहातावर घेऊन पाहावी. प्रथमदर्शनी तो मेलेला खेकडाच वाटतो, पण वजन जवळजवळ नाही. पाय शेवटच्या अणकुचीपर्यंत शाबूत आहेत. डोळ्यांच्या देठांवर डोळ्यांचे पारदर्शक आवरण आहे. ढाल मागून उचलली की आत कल्ल्यांच्या पापुद्र्यांची अस्तरे केसांच्या झुबक्यासारखी चिकटलेली दिसतात, आणि त्यांच्या पुढे, मध्यभागी, जठराचे अस्तर त्याच्या तपकिरी दातांसकट पडलेले असते. नांगी उघडली तर तिच्यात एक चपटे, अर्धपारदर्शक पाते सापडते. खेकडा खाणाऱ्या प्रत्येकाच्या ते हाताला लागलेले आहे. नांगीच्या मांसातून ते पाते काढून आपण ताटाच्या कडेला ठेवतो. ते कवचाचेच आत वळलेले टोक आहे, त्यावर नांगी मिटणारा स्नायू बांधलेला असतो, आणि कात टाकताना तेही मांसातून उपसून टाकावे लागते.

बाहेर पडलेला खेकडा मऊ असतो, तरीही तो कोलमडत नाही. जेनिफर टेलर आणि विल्यम कीअर यांनी २००३ साली दाखविले की या काळात तो देहातील द्रवाच्या दाबावर उभा राहतो आणि नांगीही हलवितो. गांडुळाचा जो उपाय तोच काही काळ खेकड्याचा होतो. लवकरच प्रथिने एकमेकांशी जखडून नवे कवच ताठरू लागते, चुना भरू लागतो, अंतःकवचाचे पापुद्रे घडतात आणि घडता घडता चुनावतात. आत प्यालेल्या पाण्याची जागा मांसाने भरून यावयास मात्र त्याहून अधिक काळ लागतो. कोकणात अमावस्येचा खेकडा भरलेला आणि पौर्णिमेचा पोकळ असे लोक मानतात. चंद्राचा भाग बाजूस ठेवला तरी भरलेला आणि पोकळ हा फरक शंभर टक्के खरा आहे, आणि तो ओळखण्याचे बाजारातील कोळणीचे कौशल्य, ढाल दाबून आणि वजन तोलून केलेले, द्राकच्या वर्गवारीहून जुने आहे.

चुन्याचा प्रश्न समुद्रातील आणि गोड्या पाण्यातील प्राण्याला सारखा नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे चारशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. समुद्रखेकड्याने जुन्या कवचातील चुना टाकून दिला तरी कल्ल्यांतून नवा मिळविण्यास त्याला फारशी अडचण नाही. नदीनाल्याच्या पाण्यात कॅल्शियम याच्या लहानशा अंशाइतकेच असते, म्हणून गोड्या पाण्यातील प्राण्याला साठवणीची तरतूद करावी लागते. युरोपातील नदीशेवंड आपल्या जठराच्या भिंतीत अस्फटिक चुन्याच्या दोन गोट्या करून ठेवतो. ऑस्ट्रेलियातील एक गोड्या पाण्याचा खेकडा, जो आपल्याकडच्या शेतखेकड्यांच्याच कुळातील आहे, चुना बारीक कणांच्या रूपाने रक्तातच बाळगतो. याशिवाय टाकलेली कात खाऊन टाकण्याचा शिरस्ताही अशा प्राण्यांत आहे, आणि म्हणूनच पूर्ण कात सापडणे हे भाग्याचे समजावे. भारतातील गोड्या पाण्यातील खेकड्यांची पहिली भरीव यादी आल्फ्रेड अल्कॉक यांनी १९१० साली कलकत्त्याच्या संग्रहालयातून प्रसिद्ध केली. २०१४ साली सह्याद्रीतील रंगीबेरंगी खेकड्यांसाठी घटियाना ही नवी प्रजाती स्थापन झाली. त्यांपैकी कितीतरी जांभ्या दगडाच्या, चुन्याने दरिद्री असलेल्या मुलखात राहतात. त्यांच्याशी तुलना करता छत्तीसगडच्या चुनखडकावरील केकरा सधन म्हणावा लागेल.

रंगाविषयी थोडक्यात. शिजताना खेकडा आणि कोळंबी लाल होतात तो रंग बाहेरून येत नाही; अॅस्टाझँथिन हे तांबडे द्रव्य कवचात आधीपासूनच असते, परंतु प्रथिनाला बांधलेले असल्यामुळे निळसर वा करडे दिसते. उष्णतेने प्रथिन उलगडले की मूळचा तांबडा रंग मोकळा होतो.

पुस्तकाची मांडणी यावरून लक्षात येईल. पहिली तीन प्रकरणे कात टाकण्याची, मधली पाच थरांची आणि तंतूंची, त्यानंतरची दोन चुन्याच्या आवक-जावकीची, आणि अखेरचे सालींच्या उपयोगाचे. ज्यांना रसायनाची आवड नाही त्यांनी सहावे प्रकरण गाळले तरी बिघडत नाही. सातवे, म्हणजे बूलिगांचे, मात्र गाळू नये. तेथे दिलेली आकृती कागदाच्या पट्ट्यांवर स्वतः काढून पाहिल्याशिवाय तिचा अर्थ मनात उतरत नाही, असा माझा अनुभव आहे.

अखेरच्या प्रकरणाविषयी दोन शब्द अधिक. कोळंबी सोलणाऱ्या कारखान्यांतून सालींचे ढीग पडतात, आणि त्यांची दुर्गंधी बंदरांच्या आसपास राहणाऱ्यांना सांगावयास नको. या टाकाऊ मालापासून कायटिन आणि त्यापासून कायटोसान काढण्याच्या पद्धती आपल्याकडे कोची येथील, १९५७ साली स्थापन झालेल्या, केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने बसविल्या. जखमेवरील पट्ट्यांपासून पाणी निवळण्यापर्यंत कायटोसानचे उपयोग आहेत. रूढ पद्धतीत प्रथम सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना काढतात, मग दाहक सोड्याच्या पाण्यात उकळून प्रथिने काढतात, आणि कायटोसान हवे असेल तर उरलेल्या कायटिनला चाळीस ते पन्नास टक्के तीव्रतेच्या सोड्यात तापवितात. प्रत्येक पायरीला धुण्यासाठी पुष्कळ पाणी लागते, आणि ते आम्लयुक्त वा क्षारयुक्त पाणी सोडावयाचे कोठे हा प्रश्न उरतोच. म्हणून आम्लक्षारांच्या जागी विकरांकडून आणि जिवाणूंकडून हे काम करून घेण्याचे प्रयत्न निरनिराळ्या देशांत चालू आहेत, आणि त्यांचे वर्णन मी जरा सविस्तर केले आहे. त्या प्रयत्नांतून जे साधावयाचे आहे, म्हणजे चुना वेगळा, प्रथिने वेगळी, कायटिन हवे तेथपर्यंतच तुटलेले, आणि तेही चिखलाच्या साध्या तापमानाला, ते बांधातील केकरा दर खेपेस आपल्या कवचाच्या आतल्या बाजूने करीत असतो. आणि हे काम कोठे थांबवावयाचे हेही त्याने नव्या अधिकवचाच्या रूपाने आधीच ठरविलेले असते.